माळीकाका, दोन्ही कुंड्या जगल्या

माळीकाका, सप्रेम नमस्कार.

आज सकाळी गॅलरीतल्या मोठ्या कुंडीतला कोंब उलगडला. जुनी पानं अजून काठावर करपलेली आहेत, पण हे नवं पान टोकापर्यंत पोपटी आहे. चहाचा कप हातात घेऊन मी बराच वेळ तिथेच उभी होते. तुम्हाला हे सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून हे पत्र.

गेल्या श्रावणात तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा हे दोन अरेका पाम मी मनातून सोडून दिले होते. पानं पिवळी पडायला लागली तशी मी पाणी वाढवलं. तरी सुधारेनात म्हणून दर आठवड्याला 19:19:19 हे खत दिलं. झाड मोठं व्हावं म्हणून त्याआधी दोन्ही रोपं अठरा इंची कुंडीत हलवली होती. एका रोपवाटिकेत विचारलं, तर "टाकून द्या, नवीन न्या" म्हणाले.

तुम्ही पानांकडे बघितलंच नाहीत. आधी मातीत दोन पेरं बोट घातलंत, मग चिमूटभर माती नाकाशी धरलीत आणि मलाही वास घ्यायला लावलात. साचलेल्या डबक्याचा वास होता तो. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं, तर खालची मुळं काळी, बोटात धरताच साल निसटून हातात येणारी. कुंडीचं भोक मातीने बुजलेलं आणि खालच्या थाळीत पाणी. "ताई, झाड तहानलेलं नाही, बुडतंय. आणि आजारी माणसाला आपण पुरणपोळी वाढतो का?" तुमचं हे वाक्य मी त्यानंतर किती जणांना ऐकवलं असेल!

स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने तुम्ही सडकी मुळं तेवढीच कापलीत, पांढऱ्या मुळांना धक्का लावला नाहीत. बारा इंची मातीची कुंडी, तळाला मोकळं भोक, लाल माती, कोकोपीट आणि जाड वाळू सारख्या मापाने, वर मूठभर निंबोळी पेंड. खत बंद. उन्हं उतरताना जिथे कडक ऊन येतं तो कोपराही बदललात.

पिवळी पानं कापायला मी कात्री उचलली, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. पाम जुन्या पानांतलं पोटॅश ओढून नव्या पानाला पुरवतो, म्हणून पान पूर्ण वाळेपर्यंत ठेवायचं. आणि शेंडा तर तुळशीसारखा खुडायचाच नाही, कारण एका खोडाला वाढणारा कोंब एकच. तो गेला की ते खोड संपलं. इतकी वर्षं झाडं लावतेय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत काहीच हललं नाही. मी रडवेली होऊन फोन केला, तर तुम्ही सायकलवर आलात. मधला कोंब अलगद ओढून बघितलात. तो घट्ट होता. "हा सुटत नाही ना, मग झाड आतून जिवंत आहे. थंडीत ते गप्प बसणार, तुम्हीही गप्प बसा." मी बसले. पाणी फक्त वरची माती सुकल्यावर, तेही बोअरचं नाही. बोअरच्या क्षारांनी टोकं जळतात हे तुम्हीच दाखवलंत, म्हणून आता पिंपात पावसाचं साठवलेलं, नाहीतर नळाचं पाणी घालते.

तुम्ही दोन्ही वेळा पैसे घेतले नाहीत. मी हातात कोंबलेली नोट शेवटी त्याच कुंडीत ठेवून गेलात. त्या संध्याकाळी ती सापडली तेव्हा मला फार भरून आलं. हे पाम आम्ही या घरात आलो त्या आठवड्यात आईंनी आणले होते. आता आई नाहीत. तुम्ही काय वाचवलंत हे तुम्हाला त्या दिवशी सांगायचं राहून गेलं, म्हणून आज सांगते.

लहान कुंडीत मात्र पाचांपैकी दोनच खोडं उरली आहेत, आणि एका पानाच्या पाठीवर बारीक जाळी दिसतेय. लाल कोळी ही कीड असावी. दोन दिवस पानं पाण्याने धुतलीत, कडुनिंबाचं तेल अजून मारलेलं नाही. रविवारी सवडीने येऊन बघाल का? जेवायलाच या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई