यंदा बागेत काय करायचं नाही

पुणे,
महाशिवरात्रीच्या आदला आठवडा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, "यंदा कुंड्या देऊन टाकतो, आता होत नाही" असं फोनवर म्हणालात आणि लगेच गॅस सिलिंडरवर गेलात. फोनवर तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. "बरं बरं" म्हणता आणि रिसीव्हर आईच्या हातात देता. म्हणून हे पत्र. पत्र तुम्ही हातात पेन घेऊन वाचता आणि पटलेल्या वाक्याखाली रेघ मारता. किती रेघा पडल्या ते आई कळवेलच.

मला काय वाटतं ते आधीच सांगते. तुमच्याच्यानं होत नाही ती हमाली आहे. ती सोडा आणि बाग ठेवा. माघ-फाल्गुनात तुम्ही परसात जेवढं राबता, त्यातलं निम्मं झाडांनी मागितलेलंच नसतं.

गुलाबाचंच घ्या. तुम्ही कात्रीला धार लावून आणलीत हे मला कळलं आहे (कोणाकडून ते विचारू नका). मोबाइलवरच्या त्या व्हिडिओतले गोरे गृहस्थ फेब्रुवारीत गुलाब गुडघ्याइतका खाली छाटायला सांगतात, ते त्यांच्या गावी अगदी बरोबर आहे. तिथं झाड थंडीत गपगार पडलेलं असतं आणि फूट फुटायच्या आत छाटून घ्यावं लागतं. आपल्या सांगलीत गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. दीड-दोन महिन्यांनी ऐन थंडीत फुलं. ती छाटणी तुम्ही केलीत, फुलं आली, आईनं शेजारीपाजारी वाटलीही. आता पुन्हा झाड खाली आणलंत तर कोवळी फूट नेमकी मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडणार आणि करपणार. वाळलेलं फूल तेवढं काढा. दांडी धरून खाली यायचं, पाच पानांची पहिली चांगली डहाळी दिसली की तिच्या जरा वर कापायचं. हे काम खुर्चीत बसून होतं. धार लावलेली कात्री वाया जाणार नाही, मोगरा आहे ना.

मोगरा मात्र आत्ताच हवा, आणि तो आईच्या खात्यात आहे म्हणून आईला लिहिते. आई, तू जानेवारीत त्याचं पाणी तोडलं होतंस, पानं गळून काड्या राहिल्या असतील. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नकोस, अजून वेळ गेलेली नाही. कुंडी बाबांना उचलायला लावू नकोस. कामवालीच्या मुलाला दहा मिनिटं बोलाव, त्याला चहा दे आणि कुंडी ओट्यावर ठेवून घे. मग तू स्टुलावर बसून निवांत कर. वाळक्या काड्या बुडापासून काढायच्या, बाकीच्या फांद्या वरून साधारण एक तृतीयांश कमी करायच्या, राहिलेली जुनी पानं ओरबाडून टाकायची. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला, म्हणून जुन्याची दया करायची नाही. खुरप्यानं वरची तीन-चार बोटं माती उकर, मुळांना दोन दिवस ऊन लागू दे, मग चांगलं कुजलेलं शेणखत घालून भरपूर पाणी दे. ताजं शेण नको, त्यात हुमणी येते, मुळं खाणारी अळी. महिना-सव्वा महिन्यात कळ्या दिसायला लागतात. कुंडीला दिवसाचं पाच-सहा तास तरी ऊन हवं. गेल्या साली तुमची कुंडी तुळशीमागच्या सावलीत होती आणि तू म्हणत होतीस की नुसता पालाच माजलाय.

आता आंबा. बाबा, मोहोर छान आलाय असं कळलं. आंब्याला आत्ता पाणी घालू नका. मोहोरात असताना पाणी मिळालं की झाडाला पालवीचं वेड लागतं आणि मोहोर झडतो. कैरी वाटाण्याएवढी दिसली की मग सुरू करा. झाडाखालून जाताना अंगावर बारीक तुषार पडल्यासारखे वाटतात आणि खालची पानं चिकट लागतात, ते तुडतुडे, मोहोराचा रस शोषणारे बारीक किडे. पुढे त्या चिकटावर काळी बुरशी धरते. म्हणून कोणी औषधाचा पंप घेऊन आलं तर त्याला मोहोर फुललेला असताना फवारू देऊ नका. मोहोरावर ज्या माश्या घोंघावतात त्यांच्याच जिवावर फळं धरतात. एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं, त्यातली बहुतेक नुसती नर, आणि शेवटी हाताला लागणार एखाददुसरा आंबा. तेव्हा झड बघून जीव कासावीस करू नका, आंब्याचा तो हिशोबच आहे. आणि शिडी. शिडीवर चढायचं नाही. या वाक्याखाली रेघ मारली नाहीत तरी चालेल, मी आईला शिडीला कुलूप लावायला सांगितलं आहे.

तिसरं न करायचं काम म्हणजे पाला जाळणं. पानगळीत रोज सकाळी झाडून ढीग करायचा, संध्याकाळी पेटवायचा, मग रात्रभर खोकायचं. तो पाला म्हणजे तुमचं उन्हाळ्यातलं अर्धं पाणी आहे. प्रत्येक आळ्यात आणि कुंडीत चार-पाच बोटं जाड पसरून टाका. खोडाला मात्र टेकवू नका, चार बोटं जागा सोडा, नाही तर खोड ओलं राहून कुजतं. आपली माती काळी, कृष्णाकाठची. उन्हात तिला अशा भेगा पडतात की हाताचं बोट जावं. त्या भेगांतून ओल उडून जाते आणि मुळंही तुटतात. आच्छादन असलं की भेगा फारशा पडत नाहीत. रोजचं पाणी एक दिवसाआड होतं. उरलेला पाला जुन्या गोणीत भरा. स्वयंपाकघरातला ओला कचरा एक भाग तर पाला तीन भाग, मधूनच मूठभर माती किंवा आंबट ताक. वास आला तर पाला कमी पडलाय असं समजायचं. पावसाळ्याच्या तोंडाला काळंभोर खत मिळेल, आणि शेणखतवाल्याच्या मागे फिरायला नको.

पाण्याच्या बादल्यांचं तर बोलायलाच नको. मागच्या दारच्या नळापासून कुंपणापर्यंत दोन हातांत दोन बादल्या घेऊन जाणारा पंचाहत्तरीचा माणूस सबंध गल्लीत दुसरा नसेल. मी येताना ठिबकचा छोटा संच आणते, नळाला लावायचा, बारीक नळ्या कुंड्यांतून फिरवायच्या. तोवर कुंभाराकडून चार-पाच साधी मडकी आणा, रंग दिलेली नकोत. वेलांच्या आळ्यात मानेपर्यंत पुरा, पाणी भरा आणि तोंडावर झाकण ठेवा. झाकण महत्त्वाचं, डासांची पैदास नको. मडक्यातून पाणी झिरपत राहतं आणि मुळं आपसूक मडक्याला येऊन बिलगतात. दोन-तीन दिवसांनी एकदा भरलं की झालं.

कुंड्या देऊन टाकायच्या असतील तर सगळ्या नका देऊ, मोठ्या द्या. बारा इंची मातीची कुंडी काळ्या मातीनं भरली आणि भिजली की वीस-पंचवीस किलोंच्या घरात जाते. तुमच्या गुडघ्यांचं आणि तिचं कधीच जमणार नाही. नव्यानं भरताना माती एक भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग आणि खत एक भाग घ्या. वजन बरंच उतरतं आणि पाण्याचा निचराही होतो. कोकोपीट आधी भिजवून एकदा धुऊन घ्यायचं, त्यात खारटपणा असतो. कंबरेच्या उंचीचा लोखंडी स्टँड मी इथं वेल्डरकडून करवून घेतलाय, तसाच तुमच्यासाठी सांगून ठेवला आहे. ओणवं व्हायला नको, उकिडवं बसायला नको. शेवंतीचं काम या स्टँडवर करा. फुलं संपली आहेत, झाड मातीपासून वीतभर ठेवून कापा, बुडाशी जे फुटवे आलेत ते मुळासकट वेगळे करून छोट्या कुंड्यांत लावा आणि उन्हाळाभर सावलीत सांभाळा.

जास्वंदीवर कापूस चिकटल्यासारखं पांढरं दिसतंय असं आई म्हणाली. तो पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी कीड. त्याच्याआधी खोडावरून वरखाली करणाऱ्या मुंग्या बघा. ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात आणि त्याच्या बदल्यात त्याची राखण करतात, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेऊनही सोडतात. म्हणजे मुंग्यांची वाट आधी बंद करायची. जास्त लागलेली शेंडे-टोकं कापून पिशवीत बांधून टाका, बाकीच्यावर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. पानांच्या खालून. आठवड्यानं पुन्हा.

लिंबावर आणि कढीपत्त्यावर मात्र काही फवारू नका. कोवळ्या पालवीवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काळं-पांढरं काही दिसलं तर पुसू नका, नीट बघा. ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि बोट लावलं की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते, तिखट वास सोडते आणि शिंगं पुन्हा आत. तुमची नात आमच्या गच्चीवर रोज शाळेतून आली की एकेकीला बोट लावून येते. मोठ्या झाडाची चार पानं गेली तर बिघडत नाही. आई, तुझ्या आमटीपुरता कढीपत्ता उरेल.

आमच्याकडचं सांगायचं तर जानेवारीच्या शेवटी एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलो होतो. डेलिया बशीएवढे होते, पण तिथली गर्दी बघता बाबांना न्यावं असं काही वाटलं नाही. गच्चीतला वाटाणा संपला. मेथी फुलावर आली, ती बियांसाठी तशीच ठेवली आहे. दुपारी गच्ची आत्ताच तापते, पहाटे मात्र पांघरूण लागतं. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की सावलीसाठी हिरवी नेट बांधणार.

पत्रासोबत बियांच्या पुड्या आहेत. काकडी हिमांगी, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची, पांढुरकी आणि कोवळी असते, कोशिंबिरीला उत्तम. कारल्याची हिरकणी, तीही राहुरीचीच. भेंडी परभणी क्रांती. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरांची जाळी पडली होती ना, पांढरी माशी पसरवते तो रोग, त्याला तोंड देण्यासाठी म्हणून ही जात काढलेली आहे. आता लावलंत तर ऊन चढेपर्यंत वेल मांडवावर जातील. कारल्याचं टरफल जाड असतं, बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवा आणि पांढरा कोंब दिसला की लावा. कोंब खाली करून, बोटाच्या एका पेराइतकं खोल. काकडीला भिजवायची गरज नाही. प्रत्येक आळ्यात तीन बिया लावा, पुढे एकच जोमदार रोप ठेवा. बाकीची उपटताना तुमचा जीव वर-खाली होतो, तेव्हा ते काम आईनं करावं.

एक औषधपाण्याचं. दोघांनीही डॉक्टरांना विचारून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं आणि तुम्ही शेवटचं कधी घेतलंत ते तुम्हा दोघांनाही आठवत नाही, मी विचारलं होतं. शेणखतात हात घालताय, गुलाबाचे काटे लागतात, आणि हातमोजे मी दिलेले कपाटात घडी घालून ठेवले आहेत. ते वापरायला दिले होते.

शिवरात्रीनंतरच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. स्टँड, ठिबक आणि कोकोपीटच्या विटा घेऊन येते, जावईही येतील, उचलाउचल ते करतील. तोवर मोगऱ्याची सोडून एकही कुंडी जागची हलवायची नाही आणि कोणाला द्यायचीही नाही. कोणत्या द्यायच्या ते आपण तिघं मिळून ठरवू. तो कोपऱ्यातला फुटक्या कडेचा पिंप तर मीच आधी मागून ठेवते, मला गच्चीवर खतासाठी हवा आहे.

आई, येताना काय आणू ते कळव. बाबांना विचारू नकोस, ते "काही नको" म्हणतील.

तुमची,
ताई