बाकाबाईंच्या वहीची सूचना

सर्व तायांना आणि मावश्यांना नमस्कार. येत्या रविवारी दुपारी 3 वाजता वाचनालयात बसायचं आहे. पऱ्हाटीची वेचणी सुरू आहे, ठाऊक आहे, म्हणूनच बुधवारऐवजी रविवार घेतला.

आपण सगळ्या मिळून बाकाबाईंवर लिहीत असलेल्या कादंबरीची वही सध्या कोणाकडे आहे, त्यांनी ती शनिवारपर्यंत आणून द्यावी. मागच्या खेपेला आली तेव्हा तिसऱ्या प्रकरणावर हळदीची बोटं उमटली होती. डागाचं काही नाही, पण शाई फुटून दोन ओळी गेल्या, त्या पुन्हा लिहाव्या लागतील.

आता मजकुराबद्दल. 1816 मध्ये नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले गेले, गादीवर त्यांचे आजारी पुत्र परसोजी बसले आणि रघूजींच्या राणी बाकाबाईंनी कारभार हाती धरला. पण परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब यांनी तो लवकरच ओढून घेतला. पुढे इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, 1818 मध्ये आप्पासाहेब पदच्युत झाले आणि लहानग्या तिसऱ्या रघूजींच्या नावानं बाकाबाई पुन्हा पुढे आल्या. मात्र खरा कारभार रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेंकिन्सच्या हाती. आपल्या प्रकरणात त्या नुसत्या रडताना दिसतात, ते मला अजिबात पटत नाही. दोनदा सत्ता जवळून पाहिलेली बाई ती! वाड्यात कोणाचा निरोप आत घ्यायचा आणि कोणाला देवडीवरच थांबवायचं, हे तिनं ठरवलेलं दिसू द्या.

परसोजींच्या पत्नी काशीबाई सती गेल्या. तो प्रसंग कोण लिहिणार, ते रविवारी ठरवू. जिला झेपेल तिनंच हात वर करावा.

येताना पेन आणि चष्मा आणावा.