वंश हे आजाराचे कारण नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतील मातामृत्यूविषयीचा लेख वाचला. अमेरिकेत २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला, तर गोऱ्या मातांमध्ये हे प्रमाण १४.५ होते, असे त्यात दिले आहे. आकडे बरोबर आहेत. खटकले ते त्यापुढचे वाक्य. कृष्णवर्णीय स्त्रियांत उच्च रक्तदाबाची आनुवंशिक प्रवृत्ती असल्याने हा फरक पडतो, एवढे सांगून लेखक पुढच्या मुद्द्याकडे वळले. जवळपास साडेतीन पट मृत्यूंचा उलगडा अर्ध्या वाक्यात झाला, आणि तोही कोणत्याही पुराव्याविना. मी बरीच वर्षे महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आहे. हे वाक्य तसेच सोडून देणे मला जमले नाही, म्हणून हे पत्र.

दोष रक्तात असेल, तर तो देश बदलला तरी सोबत जायला हवा. हे तपासता येते आणि ते तपासलेही गेले आहे. १९९७ साली रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातील जन्मनोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या बाळांचे सरासरी वजन होते ३,४४६ ग्रॅम. अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाळांचे ३,०८९ ग्रॅम. तिसरा गट होता आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या स्त्रियांचा. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन ३,३३३ ग्रॅम भरले. म्हणजे ते गोऱ्या स्त्रियांच्या बाळांच्या अधिक जवळ होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वंशात युरोपीय रक्ताचीही भेसळ आहे; आफ्रिकेतून नुकत्याच आलेल्या स्त्रियांमध्ये ती जवळजवळ नाही. कमी वजनाचे कारण आफ्रिकी आनुवंशिकता असती, तर सर्वांत लहान बाळे या तिसऱ्या गटात जन्मायला हवी होती. घडले नेमके उलटे.

याच संशोधकांनी पुढे २००२ साली पुढच्या पिढीकडे पाहिले. अशा स्थलांतरित कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मुली अमेरिकेत जन्मल्या, तिथेच वाढल्या, आई झाल्या. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन त्या स्वतः जन्मल्या तेव्हाच्या वजनापेक्षा कमी भरले. युरोपातून आलेल्या गोऱ्या कुटुंबांत असे झाले नाही, तिथे पुढच्या पिढीचे वजन वाढले. एका पिढीत कोणाची गुणसूत्रे बदलत नाहीत. बदलते ते राहण्याचे ठिकाण, खाणे, नोकरी, दवाखान्यात मिळणारी वागणूक आणि या सगळ्याचा शरीरावर वर्षानुवर्षे साचत जाणारा ताण. ही दोन निरीक्षणे शेजारी ठेवली की आनुवंशिकतेच्या त्या वाक्याला उभे राहायला जागा उरत नाही.

आता गरिबीचा मुद्दा येईल, आणि तो रास्त आहे. पण तोही पुरा पडत नाही. अमेरिकी रोग नियंत्रण केंद्राने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, पदवी घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे गर्भारपणाशी निगडित मृत्यू पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या ५.२ पट होते. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की शालान्त शिक्षणही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षाही पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांत हे प्रमाण १.६ पट होते. शिकून, कमावूनही जे संकट टळत नाही, त्याचा शोध रुग्णालयाच्या आतही घ्यावा लागतो.

तिथे काय सापडते, याचे एक उदाहरण आपल्या सर्व वाचकांच्या ओळखीचे आहे. कोविडच्या काळात ज्याच्या-त्याच्या हातात आलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकारचे किरण बोटातून आरपार पाठवायचे आणि रक्ताने त्यातले किती शोषले यावरून प्राणवायूचे प्रमाण काढायचे, हे त्याचे तत्त्व. त्वचेला रंग देणारे मेलॅनिनही प्रकाश शोषते. त्यामुळे गडद त्वचेच्या माणसात यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनमधील संशोधकांनी धमनीतील रक्ताच्या तपासणीशी हे आकडे ताडून पाहिले. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ टक्क्यांहूनही कमी प्राणवायू असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के निघाले, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. उपचार सुरू करायचे की रुग्णाला घरी पाठवायचे, हे तेव्हा याच आकड्यावर ठरत होते. पुढच्या अभ्यासांत दिसले, की या चुकीमुळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाचे) कोविड रुग्ण उपचारांना पात्र आहेत हे उशिरा लक्षात आले, काहींच्या बाबतीत कधीच आले नाही.

मला सर्वांत जास्त चीड येते ती याची, की ही त्रुटी नवी नव्हतीच. १९९० साली, तीस वर्षे आधी, जुब्रान आणि टोबिन या संशोधकांनी अतिदक्षता विभागातील रुग्णांवर अभ्यास करून हेच लिहिले होते. ते छापले गेले, वाचले गेले आणि यंत्रे तशीच विकली गेली.

यंत्राची चूक निदान अजाणता झाली, असे म्हणता येईल. मूत्रपिंडाच्या बाबतीत तर वंश जाणूनबुजून सूत्रातच बसवला होता. रक्तातील क्रिएटिनिन या स्नायूंतून येणाऱ्या टाकाऊ द्रव्यावरून मूत्रपिंडे किती काम करतात याचा अंदाज काढतात. २००९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर येणारे उत्तर १.१५९ ने गुणायचे, असा नियम होता. या लोकांच्या अंगात स्नायू अधिक, म्हणून क्रिएटिनिन अधिक, असा तर्क त्यामागे दिला जाई. परिणाम काय होतो ते कोणालाही कागदावर करून पाहता येईल. अमेरिकेत हा आकडा २० किंवा त्याखाली आला की प्रत्यारोपणाच्या यादीतील प्रतीक्षाकाळ मोजायला सुरुवात होते. उत्तर १८ आले तर गोरा रुग्ण त्याच दिवशी पात्र. कृष्णवर्णीय रुग्णाचे तेच १८ गुणाकारानंतर २०.९ होतात, आणि त्याला मूत्रपिंडे आणखी बिघडण्याची वाट पाहावी लागते. २०२१ साली वंश वगळून नवे सूत्र आले. २०२३ पासून जुन्या नियमामुळे बुडालेला काळ रुग्णांच्या खात्यात परत जमा होऊ लागला, आणि वर्ष-सव्वा वर्षात चौदा हजारांहून अधिक जणांना सरासरी सुमारे दोन वर्षांचा काळ परत मिळाला. जे त्याआधीच दगावले, त्यांना याचा काही उपयोग नव्हता.

प्रश्न एकट्या अमेरिकेचा नाही. ऑस्ट्रेलियात मूलनिवासी आणि इतरांच्या आयुर्मानात आजही सुमारे आठ वर्षांचे अंतर आहे. तिथल्या दुर्गम वस्त्यांतील मुलांना ऱ्हुमॅटिक हृदयविकार होतो. घशाच्या जंतुसंसर्गातून सुरू होणारा हा आजार दाटीवाटीच्या घरांत पसरतो आणि साध्या पेनिसिलिनने टळतो. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ हद्दपार झाला असताना त्याच देशातील एका समाजात तो टिकून आहे. त्याचे कारण त्या मुलांच्या शरीरात शोधायचे, की त्यांच्या घरांत आणि दवाखान्यापर्यंतच्या अंतरात?

आनुवंशिकता कुठेच नसते, असे माझे म्हणणे नाही. सिकलसेल हा रक्ताचा आजार आनुवंशिकच आहे. पण तो कातडीच्या रंगामागे जात नाही, मलेरिया जिथे पूर्वापार होता त्या प्रदेशांमागे जातो. म्हणून तो पश्चिम आफ्रिकेत सापडतो तसाच ग्रीस, अरबस्तान आणि भारतातही सापडतो. तसेच, कमी वजनातही मधुमेहाचा धोका दिसतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली आशियाई लोकांसाठी शरीरभार निर्देशांकाची (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप) पातळी २३ पासूनच लक्ष देण्याजोगी मानली. अशा ठिकाणी गटाचा विचार रुग्णाच्या कामी येतो, कारण तो प्रत्यक्ष मोजणीतून आला आहे आणि त्यामुळे उपचार लवकर मिळतात. मूत्रपिंडाच्या सूत्राने नेमके याच्या उलट केले.

काही जण म्हणतात की मग आरोग्याच्या नोंदींत वंश लिहूच नये. फ्रान्सच्या जनगणनेत तो विचारलाच जात नाही. मला हे पटत नाही. रुग्णांचे गट वेगळे करून पाहिले नसते, तर ऑक्सिमीटरची चूक सापडली नसती. नोंद ठेवलीच पाहिजे. पण त्या नोंदीतून जो फरक दिसतो, तो शोधाची सुरुवात आहे. आपल्या लेखात तोच निष्कर्ष म्हणून छापला गेला. याने वाचकाच्या मनात काय रुजते? हे लोक असेच दुबळे, त्याला कोण काय करणार. अशा समजुतीची किंमत मोठी असते. २०१६ साली अमेरिकेतील एका विद्यापीठातील गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना विचारले असता, त्यांच्यापैकी निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराबद्दलची, जसे की त्यांची कातडी अधिक जाड असते, किमान एक खोटी समजूत मान्य केली. ती मान्य करणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदनाही कमी लेखली. प्रसूतीनंतर डोके दुखतेय, छातीत भरून येतेय असे सांगणाऱ्या बाईचे म्हणणे अशा डॉक्टरने किती गंभीरपणे घ्यावे?

म्हणून माझी विनंती आहे. असे आकडे छापताना त्यांच्यासोबत तुलनाही छापावी. त्याच वंशाचे लोक दुसऱ्या देशात कसे आहेत, त्याच उत्पन्नाच्या दुसऱ्या समाजात काय दिसते, तपासणी कोणत्या यंत्राने आणि कोणत्या सूत्राने झाली, हे सारे वाचकाला कळू द्यावे. आपला वाचक ते समजून घेण्याइतका जाणता आहे. आणि या विशिष्ट लेखाबाबत, आनुवंशिक प्रवृत्तीने मातामृत्यूंतील एवढा फरक पडतो हे विधान कोणत्या अभ्यासावर आधारले आहे, ते लेखकांनी कळवावे. तसा आधार नसेल, तर पुढील पुरवणीत त्याच जागी दुरुस्ती प्रसिद्ध करावी.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
(निवृत्त जीवशास्त्र प्राध्यापिका)