प्रेसमधल्या काकांना, त्या दोनशेपानी वहीबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणाल हिला काय सुचलं, फोन करायचा सोडून पत्र. पण फोनवर तुम्ही मला बोलू देता कुठे, आभाराचं नाव काढलं की "ते राहू दे, आज नाडी किती?" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय, म्हणजे मध्येच तोडता येणार नाही, आणि आपल्यासारखे जे कोणी एफिबवाले (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडण्याचा आजार) असतील त्यांनाही काही उपयोग झाला तर झाला. नात वाचून दाखवेलच तुम्हाला.

तुम्हाला माहितीये, पण बाकीच्यांसाठी सांगते. माझं शिवणकाम, नाशिकला इंदिरानगरात घरातच. २०२२ च्या नवरात्रात ऑर्डरी तुंबलेल्या, नऊ दिवसांचे उपास, रात्री दोन-दोनपर्यंत मशीनवर, आणि वर पहाटे कालिकेच्या दर्शनाला रांगेत उभं राहायचं. अष्टमीच्या रात्री आडवी झाले आणि छातीत जे सुरू झालं ते शिवणाऱ्या बाईलाच कळेल, खाली बॉबिनमध्ये दोरा गुंतला की मशीन कशी दोन टाके घालते, एक गाळते, मग एकाच जागी घर्रकन चार टाके, अगदी तसं. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप थांबलं. सकाळी दवाखान्यात गेले तर ईसीजी एकदम नॉर्मल. ॲसिडिटी आहे, उपास बंद करा, आणि या वयात बायकांना असं होतंच. झालं. पाच महिने गॅसच्या गोळ्या खाल्ल्या मी. त्यात चार वेळा त्रास झाला, चारही वेळा रिक्षा करून पोचेपर्यंत सगळं शांत, घरात सगळे "ही टेन्शन फार घेते" म्हणायला लागले आणि शेवटी मलाही वाटायला लागलं की आपणच नाटकी आहोत. आता कोणावर राग नाही काढत, पण येत-जात राहणारा एफिब चालू असतानाच पकडावा लागतो, नाहीतर अंगावर होल्टरची पेटी लावून एक-दोन दिवस रेकॉर्डिंग करावं लागतं, एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर पाच महिने वाचले असते की नाही?

फेब्रुवारीत एकदाचा ईसीजीत सापडला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतायत, मिनिटाला तीनशेच्याही वर, आणि त्यातले काही सिग्नल खाली कसेही पोचतात म्हणून नाडी वेडीवाकडी. ठोक्यांचा वेग आवरायला एक गोळी, रक्त पातळ करायला एक, ही बहुतेक आयुष्यभर. "आयुष्यभर" ऐकलं आणि त्याच्या पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. बाहेर येऊन रक्त तपासणीच्या बाकावर बसले आणि ओढणी तोंडाला लावून रडत होते.

आणि शेजारून तुमचा आवाज, "नवीन ॲडमिशन का?"

रागच आला होता खरं सांगते. पण तुम्ही तसेच पुढे, "मी बारा वर्षांचा सीनियर. हात द्या बघू इकडे." मनगटावर माझीच तीन बोटं ठेवून दाखवलीत, अंगठ्याखालच्या बाजूला, आणि म्हणालात की मोजताना अंगठा वापरायचा नाही, त्याची स्वतःचीच नाडी लागते. आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं तर अजिबात नाही, "आपलं गणित सरळ नाही ताई, पूर्ण साठ सेकंद मोजा." मी म्हटलं घरी बीपीचं मशीन आहे की. तर म्हणालात मशीन आपल्यासारख्यांच्या बाबतीत गोंधळतं, बीपी घ्यायचं तर एक-एक मिनिट थांबून तीनदा घ्या आणि सरासरी लिहा. मी मुसमुसत विचारलं, "लिहा म्हणजे?" तेव्हा पिशवीतून ती वही काढलीत, दोनशेपानी, आडव्या-उभ्या रेघा मारलेली.

छत्तीस वर्षं नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये काढलेला माणूस, दुसरं काय करणार. एक शीट कमी भरली तरी कोणी घरी जायचं नाही म्हणे तुमच्याकडे. "घाबरायचंय ना, आकडा बघून घाबरा, उगाच हवेत काय घाबरता," हे तुमचं वाक्य मी तेव्हापासून किती जणींना ऐकवलंय.

मग मी पण वही केली. तारीख, वेळ, सकाळ-संध्याकाळची नाडी, एकसारखी की वेडीवाकडी, त्रास झाला तर किती वाजता सुरू किती वाजता बंद, आदल्या रात्री झोप किती, जेवले कधी आणि काय. पहिले पंधरा दिवस वैताग आला. पण तीन महिन्यांची पानं घेऊन गोल्फ क्लब मैदानाच्या कट्ट्यावर तुम्ही चष्मा लावून बसलात आणि पेन्सिलीने गोल करत गेलात तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे काही आभाळातून पडत नाही. माझा सगळा संशय चहावर होता, तीन महिने चहा सोडून घरादाराचं डोकं खाल्लं होतं, आणि वहीत चहाचं नावही नाही! डॉक्टरांनीही नंतर सांगितलं दोन कप प्या खुशाल. (कोणाला चहाने होतही असेल, त्यांची वही त्यांना सांगेल.) माझे जवळजवळ सगळे गोल पडले होते पाच तासांपेक्षा कमी झोपेच्या दिवशी, रात्री अकराला पोटभर जेवून लगेच आडवं झालं तेव्हा, आणि कडक उपासाच्या दिवशी पाणीसुद्धा प्यायला विसरले तेव्हा. लग्नसराईचा महिना तर नुसता गोलांनी भरलेला.

आणि तुम्हीच विचारलंत, जरा अवघडत, की "घोरता का हो तुम्ही?" मला इतकी लाज वाटली. पण घरी मिस्टरांना विचारलं तर ते आनंदाने अर्धा तास बोलले. झोपेची तपासणी केली तर झोपेत श्वास अडकत होता, स्लीप ॲप्निया, आणि एफिबला खतपाणी घालणाऱ्यांत तो एक मोठा. आता रात्री मास्क लावून झोपते, दिसते अगदी फायटर विमान चालवणाऱ्या बाईसारखी, पण त्रासाचे गोल महिन्याला सात-आठवरून एक-दोनवर आले. वजनही सहा किलो उतरवलं, त्यात तुमचं काही श्रेय नाही, उलट मिसळ खायला तुम्हीच नेलंत दोनदा.

पण काका, हे पत्र खरं तर त्या जानेवारीच्या सकाळसाठी आहे. २०२४ ची. महिनाभर एकही त्रास नाही, नाडी टकाटक, आणि ब्रश करताना हिरडीतून रक्त यायचं. त्यात एका नातेवाईकांनी सांगितलं की रक्त पातळ करायची गोळी फार वाईट, त्यापेक्षा अर्जुनाच्या सालीचा काढा घे. मी पाच दिवस गोळी बंद ठेवली, कोणाला न सांगता. मैदानावर दुसऱ्या फेरीला सहज बोलून गेले आणि तुम्ही चालायचे थांबलात. ओरडला नाहीत. कट्ट्यावर बसवलंत आणि विचारलंत, गोदावरीत पाणवेली कुठे साचतात? म्हटलं जिथे पाणी थांबतं तिथे. "हां. वरचा कप्पा नुसता थरथरतो तेव्हा त्याच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटी पिशवी असते, तिथलं रक्त असंच थांबतं. गुठळी तिथे होते. आणि सुटली की मेंदूत." मग तुमच्या थोरल्या भावाचं सांगितलंत, त्यांना एफिब आहे हे कोणाला माहीतच नव्हतं, पहिलं कळलं ते अर्धांगाच्या झटक्याने. एफिबवाल्याला तो धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो हे मला तोवर कोणी इतकं सरळ सांगितलंच नव्हतं. मी समजत होते की गोळी ठोक्यांसाठी आहे, ठोके नीट तर गोळी कशाला. ती ठोक्यांसाठी नाहीच! ती गुठळीसाठी आहे, ठोके नीट असले तरी घ्यायची.

झटक्याचा धोका किती आणि ही गोळी लागते की नाही हे ज्यावरून ठरतं ते मार्क तुम्ही मेडिकलच्या बिलाच्या मागे मांडून दाखवलेत, ते बिल अजून वहीत आहे. बीपीचा १, शुगरचा १, हार्ट कमजोर असेल तर १, रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर १, वय पासष्टला १ आणि पंच्याहत्तरला २, आधी झटका येऊन गेला असेल तर २, आणि बाई असल्याचा १ (हा शेवटचा हल्ली काही डॉक्टर धरत नाहीत). माझे तीन. "आणि माझे?" म्हणून तुम्हीच हसलात, लहानपणीच्या सांधेतापाने झडप आकसलेल्याला मार्क मोजायचेच नसतात, गोळी ठरलेलीच. त्याच दिवशी समोर बसून डॉक्टरांना फोन करायला लावलात. हिरडीचं म्हणाल तर मऊ ब्रश आणि डेंटिस्टकडे एक फेरी, एवढंच निघालं. पण डेंटिस्टला आधी गोळीचं सांगायचं, आणि दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हेही तुमचंच. आणि हो, काळी शी झाली, लघवीतून रक्त आलं किंवा डोक्याला मार बसला, वरून काही दिसत नसलं तरी, तर घरी बसायचं नाही.

एक गोष्ट इथे मुद्दाम लिहिते कारण बायका एकमेकींच्या गोळ्या बघून घेतात. काकांची गोळी वेगळी, माझी वेगळी. त्यांची जुन्या पद्धतीची, दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी), तो २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा, आणि मेथी-पालक रोज जेवढी खातो तेवढीच खायची, एक आठवडा जुडीच्या जुडी आणि एक आठवडा शून्य असं नाही. नव्या गोळ्यांना ती भानगड नाही, पण त्या सगळ्यांना चालत नाहीत, काकांच्या झडपेला तर नाहीच. माझी रिवारोक्साबॅन आहे, वीसची. ती पोटभर जेवणासोबतच घ्यायची असते, नुसत्या पाण्याबरोबर घेतली तर पुरती लागत नाही, आणि मी एकादशीला उपाशी पोटी गिळत होते! "डॉक्टरला विचार, मला शंका आहे," म्हणालात आणि शंका खरी निघाली. आता एकादशीला भगर-आमटी पोटभर खाते, मग गोळी. विठोबा काही म्हणत नाही. विसरले तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घेते, दुसऱ्या दिवशी दोन घेत नाही. गुडघे दुखले तर पूर्वी मेडिकलमधून कुठलीही पेनकिलर आणायचे, ते बंद, रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि जावयाचं ते "रेड वाइन हार्टला चांगली असते मम्मी", आपल्या नाशकात तर हे फारच ऐकायला मिळतं, त्यावर तुम्ही जे बोललात ते इथे छापण्यासारखं नाही, पण दारूने एफिब उठतो हे बरोबरच आहे.

आता त्रास सुरू झाला तर मी काय करते? खाली बसते. घड्याळ बघते. ग्लासभर पाणी, सावकाश श्वास, वही जवळ. पूर्वी लगेच सगळ्यांना फोन, रडारड, त्याने ठोके आणखी वाढायचे. डॉक्टरांनी मला लिहून दिलंय की किती वेळ वाट बघायची आणि नाडी किती झाली की यायचं, तेवढंच पाळते, तुमचा कागद तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. पण छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडायला झालं, किंवा तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं बोबडं, तर वही-बिही बाजूला, सरळ १०८. कधी सुरू झालं ती वेळ सांगायची आणि शेवटची गोळी कधी घेतली तीही, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं. माझ्या पर्समध्ये तुमच्या अक्षरातलं कार्ड आहे, गोळीचं नाव, डोस, वेळ, मिस्टरांचा नंबर. लॅमिनेशन केलंय.

तुम्ही मुलाकडे पुण्याला गेलात त्याला आता आठ महिने झाले. मैदानावर तुमच्या कट्ट्यावर हल्ली कॉलेजची पोरं बसतात. गेल्या महिन्यात तपासणीला गेले होते तेव्हा बाकावर एक बाई, पस्तिशीची असेल, ओढणी तोंडाला लावून. मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले, मला काही तुमच्यासारखं पटकन बोलता येत नाही. मग विचारलं, "नवीन ॲडमिशन का?" तिने असं बघितलं माझ्याकडे, मला तुमची आठवण आली. तिला वही मीच घेऊन दिली, रेघा मात्र तिच्या तिलाच मारायला लावल्या.

काकूंचे दोन्ही ब्लाउज शिवून तयार आहेत, मापाचा जुना नीट बसला असेल तर हेही बसतील, बाही अर्धा इंच लांब ठेवलीय. कुरिअर करणार नाही. न्यायला या.

तुमची,
इंदिरानगरची शिवणवाली

ता. क. नाडी ७४. मध्ये दोन ठोके चुकल्यासारखे वाटले, पण मोजताना खाली भाजीवाला ओरडत होता. परत मोजते.