न विचारता बदललेल्या मूळ स्प्रिंगा परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : क्रीडा पिस्तुलाच्या सर्व्हिसिंगमध्ये माझ्या संमतीशिवाय मूळ स्प्रिंगा काढून दुसऱ्या बसवल्याबद्दल तक्रार.

महोदय,

माझे .22 बोअरचे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल मी गेल्या महिन्यात आपल्या दुरुस्ती केंद्रात परवाना दाखवून, रीतसर पावती घेऊन वार्षिक सर्व्हिसिंगसाठी जमा केले होते. पावतीवर ‘साफसफाई, ऑइलिंग व तपासणी’ एवढेच काम लिहिलेले आहे. पिस्तूल परत आले तेव्हा मात्र त्यातील रिकॉइल स्प्रिंग (गोळी सुटल्यावर मागे गेलेली स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुढे आणणारी) आणि ट्रिगरची स्प्रिंग, या दोन्ही कारखान्यातून आलेल्या स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी दुसऱ्याच बसवलेल्या होत्या. याबद्दल मला आधी विचारले नाही, पिस्तूल परत देताना सांगितले नाही, बिलात मात्र ‘किरकोळ सुटे भाग’ म्हणून पैसे लावले.

हे माझ्या लक्षात आले ते सरावाच्या पहिल्याच दिवशी. तिसऱ्या की चौथ्या गोळीला स्लाइड अर्धवट मागे जाऊन अडकली आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी राहिली, तोंडाशी चेपलेली. सायंकाळपर्यंत असे सहा वेळा झाले. मॅगझिन बदलून पाहिले, काडतुसांचा डबा बदलून पाहिला, फरक पडला नाही. शेवटी पिस्तूल उघडले तेव्हा दिसले की नव्या स्प्रिंगचे एक टोक ग्राइंडरवर कापून तसेच सोडलेले आहे आणि त्या टोकाने गाइड रॉडवर (स्प्रिंग ज्या दांडीवर बसते तिच्यावर) केसासारखा बारीक, लांब ओरखडा पाडला आहे. इतकी वर्षे हे पिस्तूल मी स्वतः पुसते. तो ओरखडा आधी नव्हता.

फोन केल्यावर आपल्या तंत्रज्ञांनी मला जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहीत आहे : “मॅडम, कंपनीची रिकॉइल स्प्रिंग नरम असते, जड टाकली की फ्रेमला मार बसत नाही. आणि ट्रिगर हलका करून दिलाय, बोट लावलं की सुटतंय.” त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. परंतु 25 मीटर पिस्तूल या नेमबाजीच्या प्रकारात आम्ही जी काडतुसे वापरतो ती मुद्दाम मंद वेगाची असतात, त्यांचा धक्का मुळातच कमी असतो, आणि स्लाइडचे वजन, काडतुसाचा जोर व स्प्रिंगचा ताण हे तिन्ही कारखान्यात एकमेकांना जुळवूनच ठरवलेले असतात. त्यातला स्प्रिंगचा ताण तेवढा वाढवला की स्लाइड पुरती मागे जात नाही, पुंगळी बाहेर पडत नाही आणि पुढची गोळी चढत नाही. जलद टप्प्यात प्रत्येक गोळीला 3 सेकंद मिळतात, आणि अशा अडथळ्यासाठी 30 गोळ्यांच्या एका टप्प्यात एकदाच दाद मागता येते. 2018 च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे याच प्रकारातले सुवर्णपदक शूट-ऑफवर ठरले होते, हे आपल्यासारख्या या क्षेत्रातल्या कंपनीला मी सांगायची गरज नसावी. एकेका गोळीचे मोल इथे असे असते.

‘हलका’ ट्रिगर तर त्याहून महागात पडला. या प्रकारात ट्रिगरचा भार, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान 1000 ग्रॅम असावा लागतो. स्पर्धेच्या तपासणीत नळी सरळ उभी धरून ट्रिगरला वजन लावले आणि ते टेबलावरून पुरते उचलले जाण्याआधीच घोडा पडला. तीन संधी असतात. तिन्ही वेळा तेच झाले. समायोजनाचा स्क्रू शेवटपर्यंत आवळूनही भार पुरला नाही. पिस्तूल स्पर्धेच्या तीन दिवस आधीच हाती आले होते आणि अडकणाऱ्या स्लाइडच्या मागे लागल्यामुळे मी ट्रिगर तोलून पाहिला नाही, ही चूक माझी आहे आणि ती मी मान्य करते. पण ज्या भागाला हात लावायला मी सांगितलेच नव्हते, तो बदलला असेल अशी शंका मला यावी तरी का? वर्षभराची तयारी असताना मला एकही गोळी न झाडता रेंजवरून परतावे लागले. शिवाय बोट टेकताच सुटणारा ट्रिगर ही निव्वळ गुणांची बाब नाही, शेजारच्या लेनमध्ये उभ्या असलेल्या मुलींच्या सुरक्षेचीही आहे.

मूळ भाग कधीच बदलू नयेत, असे माझे म्हणणे नाही. माझ्या पिस्तुलाची अक्रोडाची मूठ मी स्वतः कानशीने घासून, लाकडाची पुट्टी भरून माझ्या तळव्याला बसती केली आहे, कारण प्रत्येकाचा हात वेगळा असतो आणि पिस्तूल 300 × 150 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसत असेल व मुठीचे बाकीचे नियम पाळले असतील तर त्याला हरकत नसते. स्प्रिंगही वापराने थकते, हे मला ठाऊक आहे. ती थकली होती असे आपल्या तंत्रज्ञांना वाटले असते, तर त्यांनी एक फोन करायचा होता. उत्पादकाचीच त्याच क्रमांकाची नवी स्प्रिंग बसवायला मी आनंदाने होकार दिला असता. पण मूठ हा माझ्या हाताचा प्रश्न आहे, स्प्रिंग हा यंत्राच्या हिशेबाचा आहे, आणि दोन्ही बाबतींत निर्णय पिस्तूल ज्याच्या परवान्यावर आहे त्याचा आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो तो याच जबाबदारीसाठी, असे मी समजते.

माझ्या दोन्ही मूळ स्प्रिंगा आपण परत द्याव्यात. त्या टाकून दिल्या असतील तर तसे लेखी कळवावे आणि उत्पादकाच्या अस्सल स्प्रिंगा व नवा गाइड रॉड विनामूल्य बसवून, ट्रिगरचा भार मोजून त्याचा आकडा सही-शिक्क्यासह द्यावा. सर्व्हिसिंगचे व सुट्या भागांचे पैसे आणि स्पर्धेचे प्रवेश शुल्क परत मिळावे. यापुढे ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय कोणताही भाग बदलला जाणार नाही आणि काढलेला भाग पिशवीत घालून परत दिला जाईल, अशी सूचना आपण आपल्या सर्व केंद्रांना द्यावी. माझ्या क्लबमधील आणखी काही जणींची पिस्तुले आपल्याकडेच येतात.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास मला ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. पावती, बिल, आणि कापलेल्या स्प्रिंगचे व ओरखड्याचे फोटो सोबत जोडले आहेत. ती स्प्रिंग मी जपून ठेवली आहे. आपले प्रतिनिधी आल्यास दाखवीन.

आपली,
एक ग्राहक व नेमबाज,
कोल्हापूर