बाबा, कामं कुठंही गेलेली नाहीत

बेंगळुरू
रविवार, दुपार

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा रात्री फोनवर मी जरा जास्तच चिडले, बाबा. "गेलं बघ सगळं, सहा महिन्यांची कामं गेली," असं तुम्ही म्हणालात आणि मी इकडं डोकं धरून बसले. तुम्ही कॉम्प्युटरवरची आऊटलुकमधली कामांची यादी दाखवलीत तेव्हा कळलं की काहीच गेलेलं नाही. अगदी तळाला बारीक अक्षरात 'फिल्टर अप्लाइड' असं लिहिलं होतं. 'चेंज व्ह्यू'मधल्या 'नेक्स्ट सेव्हन डेज'वर तुमचा हात पडला होता, म्हणून येत्या सात दिवसांतली चार कामं तेवढी दिसत होती. पुढच्या वेळी यादी आखूड वाटली की आधी ती खालची ओळ बघा, मग मला फोन करा.

पत्र लिहितेय कारण फोनवर माझं वाक्य संपायच्या आत तुमचं बोट तिसऱ्याच बटणावर असतं. हा कागद कीबोर्डशेजारी ठेवा.

पतसंस्थेत तुम्ही जन्मभर किर्द-खतावणी केलीत, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. नोंद एकच असते. किर्दीत ती तारखेच्या ओळीनं दिसते, खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर. खतावणी मिटली म्हणून किर्दीतली नोंद पुसली जात नाही. आऊटलुकमधला व्ह्यू म्हणजे तुम्ही कोणती वही उघडून बसलाय तेवढंच. कसाही बदला, कामाला धक्का लागत नाही. फारच गुंता झाला तर व्ह्यू टॅबमध्ये 'रीसेट व्ह्यू' आहे. डिलीटला तेवढा हात लावू नका, ते खरंच पान फाडणं आहे.

आता तुमची यादी. 'डीटेल्ड' व्ह्यूमध्ये इतके रकाने आहेत की कामाचं नावच अर्धं कापलं जातं. तुम्हाला 'टक्के पूर्ण' कशाला हवंय? गॅसचा नंबर चाळीस टक्के लावून होत नाही. नको त्या रकान्याचं डोकं माऊसनं धरायचं, खाली ओढायचं, काळी फुली दिसली की सोडायचं. रकाना जातो, आतली माहिती राहते. विषय, शेवटची तारीख आणि कॅटेगरी, एवढे तीन ठेवा. मग 'व्ह्यू सेटिंग्ज'मध्ये 'ग्रुप बाय' उघडा, सगळ्यात वरची आपोआप गट पाडायची खूण काढा आणि खाली 'कॅटेगरीज' निवडा. 'सॉर्ट'मध्ये 'ड्यू डेट'. झाली तुमची खतावणी: तालीम, सोसायटी, घर, आई. शेवटी 'चेंज व्ह्यू'मधूनच हा व्ह्यू नवीन नावानं सेव्ह करा, म्हणजे कितीही भटकलात तरी परत यायला जागा राहील.

झेंड्याचंही सांगायचं राहिलं. लाइट बिलाचं मेल तुम्ही लाल झेंडा लावून ठेवलं होतंत आणि ते 'टास्क्स'मध्ये शोधत बसलात. झेंडा लावलेली मेलं 'टू-डू लिस्ट'मध्ये येतात, 'टास्क्स'मध्ये येत नाहीत. तिथं फक्त तुम्ही हातानं लिहिलेली कामं असतात. आणि वर उजव्या कोपऱ्यात नवीन आऊटलुक वापरून बघा म्हणणारं बटण आहे, ते दाबू नका. तिथलं टास्कचं दुकान वेगळं आहे, मी वर लिहिलेलं यातलं बरंच तिथं सापडणार नाही.

तारखांचं मात्र नीट ऐका. एका कामाला दोन तारखा देता येतात, सुरू करायची आणि संपवायची. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका. ३९ ला माणूस खालचं सामान माळ्यावर टाकायला लागतो, ४३ ची वाट बघत नाही. घरफाळ्याला तुम्ही नुसती शेवटची तारीख टाकली होती, म्हणजे थेट ४३. त्याला १५ दिवस आधीची स्टार्ट डेट द्या.

परवा मी घाईघाईत तुम्हाला कॅटेगरीचे गट पाडायला लावले, तेव्हा एक गोष्ट दिसली. बोलले नाही, कारण आई शेजारीच होती. तालमीच्या प्रत्येक कामाला तारीख होती. वर्गणीची पावतीपुस्तकं, मंडप, पोलीस परवानगी, सगळं जिथल्या तिथं. 'आई' या गटात ११ कामं होती आणि तारखेच्या रकान्यात खालपर्यंत 'नन, नन, नन'. शिलाई मशीनची दुरुस्ती. गुडघ्याचा एक्स-रे. जोतिबाला नेणे. उजवा डोळा दाखवणे, हे तर तुम्ही जानेवारीत लिहिलंय.

ज्या कर्जाला हप्त्याची तारीखच नाही ते थकबाकीत येईल कसं, हे मी तुम्हाला काय सांगायचं! तसंच झालंय. तारीख नसलेलं काम कधी 'ओव्हरड्यू' होत नाही, कधी लाल होत नाही, सात दिवसांच्या यादीत येत नाही. तुम्ही विसरलात असं मी म्हणत नाही, लिहून ठेवलंत म्हणूनच तर मला दिसलं. पण त्या ११ कामांना आज बसून तारखा घाला. 'कंडिशनल फॉर्मॅटिंग'मध्ये 'आई' कॅटेगरीसाठी नियम करून अक्षर मोठं आणि निळं करता येतं, ते मी आल्यावर करून देईन.

आई, तू फोनवर "मला काय धाड भरलीय" म्हणालीस, पण सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारतेस हे मला माहितीय.

मी २१ च्या रात्रीच्या गाडीनं निघतेय, २२ ला सकाळी सीबीएस स्टँडवर उतरेन. न्यायला येऊ नका, रिक्षा करते. बाबा, त्याच दिवशीची डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ घ्या. ती टास्कमध्ये नको, कॅलेंडरात टाका आणि मला आमंत्रण पाठवा. ठरल्या वेळेची गोष्ट कॅलेंडरात. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तुम्ही टास्कमध्ये घातलाय, तोही तिकडं हलवा. ९ नोव्हेंबरला किरणं यायची ती तुम्ही टिक करायची वाट बघत नाहीत.

तुमची,
राणी

ता. क. आई, २२ तारीख तू कालनिर्णयावर पण लिहून ठेव. बाबांनी परत व्ह्यू बदलला तर असू दे.