पाठांतराआधी शब्दाचा अर्थ सांगा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या याच स्तंभात गेल्या आठवड्यात एका वाचकाने असे मत मांडले की, वनस्पतींची लॅटिन नावे आणि लॅटिनमधून आलेल्या शास्त्रीय संज्ञा हे मृत भाषेचे ओझे असून पाठ्यपुस्तकांतून ते उतरवून टाकावे. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि या संज्ञांपुढे भांबावलेले चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यामुळे पत्रलेखकांची तक्रार मला खोटी वाटत नाही. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र पटत नाही. हे शब्द जात्याच अवघड आहेत असे नाही. त्यांचा अर्थ कोणी सांगत नाही, म्हणून ते घोकावे लागतात.

फुलाच्या भागांचीच नावे पाहू. ज्याला आपण पुंकेसर म्हणतो त्याचे ‘स्टेमेन’ हे नाव लॅटिनमध्ये विणकराच्या मागावरून आले आहे. तेथे त्याचा अर्थ उभा धागा, म्हणजे ताणा. ‘पिस्टिल’ हा शब्द ‘पिस्टिलम’पासून आला असून त्याचा अर्थ बत्ता, आणि फुलातला स्त्रीकेसर एकदा नीट पाहिला की ही उपमा का सुचली असावी हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘पोलन’ म्हणजे बारीक पीठ. बोटाला परागकण लागलेल्या कोणालाही हे पटेल. पाकळ्यांच्या वर्तुळाला दिलेला ‘कोरोला’ हा शब्द म्हणजे डोक्यावर घालायची लहानशी माळ. मागावरचा धागा, खलातला बत्ता, पीठ आणि माळ यांत कोणती विद्वत्ता आहे? ही रोजच्या वापरातल्या वस्तूंची नावे आहेत, आणि ती आपल्यापर्यंत ‘संज्ञा’ होऊन पोहोचली एवढाच त्यांचा दोष.

सूक्ष्मदर्शकाखालच्या जगाचीही हीच कथा. रॉबर्ट हूक याने 1665 मध्ये बुचाच्या पातळ कापात जी पोकळ घरे पाहिली, त्यांना त्याने लहान खोलीवाचक ‘सेल’ हा शब्द वापरला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘सेला’ आहे. पुढे 1831 मध्ये रॉबर्ट ब्राऊन याने पेशीतल्या गडद ठिपक्याला ‘न्यूक्लिअस’ म्हटले. हा शब्द ‘नक्स’, म्हणजे कठीण कवचाचे फळ, यावरून आला असून त्याचा अर्थ कवचाआतला गर. आपला ‘केंद्रक’ हा शब्द जागा सांगतो, मूळ शब्द गाभ्यातले सत्त्व सांगतो. प्रत्यक्ष पेशीत केंद्रक नेहमी मध्यभागी असतेच असे नाही, हे लक्षात घेतले तर मूळ शब्द अधिक सावध वाटतो. जाता जाता एक गोष्ट: ‘पेशी’ या शब्दाचा मराठीतला आणि हिंदीतला शास्त्रीय अर्थ एक नाही. आपण ज्याला पेशी म्हणतो त्याला हिंदी पुस्तके कोशिका म्हणतात आणि स्नायूला मांसपेशी म्हणतात. दोन्हींकडची पुस्तके चाळणाऱ्या विद्यार्थ्याचा येथे हमखास गोंधळ होतो, आणि त्याचे खापर मात्र लॅटिनवर फुटते.

काही वेळा तर दूरच्या भाषांनी एकच गोष्ट पाहून एकच उपमा केलेली दिसते. बुबुळाच्या मध्यावरच्या काळ्या छिद्राला लॅटिनमध्ये ‘प्युपिला’ म्हणतात. शब्दाचा अर्थ लहान मुलगी किंवा बाहुली, कारण समोरच्याच्या डोळ्यात पाहणाऱ्याचे इवलेसे प्रतिबिंब दिसते. मराठीत आपण त्याला बाहुलीच म्हणतो, आणि संस्कृतातल्या ‘कनीनिका’तही लहान मुलगीच दडलेली आहे. हे एक उदाहरण वर्गात सांगितले की ‘प्युपिल’ हा शब्द पुन्हा कधी पाठ करावा लागत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता नावांविषयी. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याच्या आधी वनस्पतीचे नाव म्हणजे तिचे वर्णनच असे, आणि ते कधी कधी एका ओळीहून लांब होई. ‘पुष्कळ फांद्यांची, एकवर्षायू, फांद्या कोनदार व गुळगुळीत, पाने दातेरी’ एवढे सगळे लॅटिनमध्ये म्हटल्यावर एक रोपटे ओळखले जाई. 1753 च्या ‘स्पीशीज प्लान्टारम’मध्ये लिनिअसने त्याच रोपट्याला ‘फायसॅलिस अँग्युलाटा’ या दोन शब्दांत आणले. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘कोनदार’. ज्या नावांना आज आपण लांबलचक म्हणून नाके मुरडतो, ती मुळात काटछाट करून आली आहेत, ही गोष्ट पत्रलेखकांनी विचारात घेतलेली दिसत नाही.

या दुसऱ्या शब्दांत मौज पुष्कळ आहे. लाजाळूचे नाव ‘मिमोसा पुडिका’, आणि ‘पुडिका’ म्हणजे लाजरी. अफूच्या रोपाचे ‘पापावर सोम्निफेरम’, म्हणजे झोप आणणारे. पहाटे फुले गाळून मोकळ्या होणाऱ्या पारिजातकाला ‘आर्बोर-ट्रिस्टिस’, अर्थात खिन्न वृक्ष, हे विशेषण मिळाले आहे. ‘ऑफिसिनॅलिस’ हे विशेषण दिसले की ती वनस्पती जुन्या औषधशाळेतल्या फडताळात होती असे समजावे. आणि ‘पेरलेले, लागवडीचे’ या अर्थाचे विशेषण केशराच्या नावात ‘सॅटिवस’, भाताच्या नावात ‘सॅटिवा’ आणि लसणाच्या नावात ‘सॅटिवम’ असे तीन रूपांत येते. इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी येथे गडबडतो. मराठी विद्यार्थ्याने गडबडण्याचे कारण नाही, कारण ‘पिवळा, पिवळी, पिवळे’ हे तो बोलायला लागल्यापासून करतो आहे. लॅटिनला आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत, एवढे एक वाक्य पुस्तकात छापले तर ‘शेपूट का बदलते’ हा प्रश्न सुटतो. अपवाद सांगायचाच तर पिंपळाचा सांगावा: ‘फायकस’ शब्दाचे रूप पुल्लिंगी दिसते, तरी विशेषण ‘रिलिजिओसा’ असे स्त्रीलिंगी लागते, कारण लॅटिनमध्ये झाडांची नावे बहुधा स्त्रीलिंगी मानतात.

शिवाय ही नावे निव्वळ लॅटिन आहेत असे समजणेही बरोबर नाही. ‘पेटल’ (पाकळी) आणि ‘स्टिग्मा’ (स्त्रीकेसराचे टोक) यांची मुळे ग्रीक आहेत. आंब्याच्या ‘मँजिफेरा’ या नावात मल्याळम ‘मांगा’ला ‘धारण करणारी’ या अर्थाचे लॅटिन शेपूट जोडले आहे. कडुनिंबाच्या ‘अझाडिराक्टा’त फारसी ‘आझाद दरख्त’ बसला आहे. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे तत्त्वच असे आहे की शब्द कुठूनही येवो, शास्त्रीय नाव म्हणून त्याला लॅटिन मानून चालवायचे. मृत भाषा म्हणून जिची संभावना होते, तिच्यात भरती अशी चालूच राहिली आहे.

मात्र व्युत्पत्तीची गोडी लागली की माणूस तिच्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकतो, आणि हा दोष माझ्यातही होता. मुळातला अर्थ ही व्याख्या नव्हे. चिंचेचे नाव ‘टॅमॅरिंडस इंडिका’; पहिला शब्द अरबी ‘तम्र हिंदी’वरून, म्हणजे हिंदचे खजूर, आणि दुसरा पुन्हा हिंदचाच. झाड मात्र मूळचे उष्णकटिबंधीय आफ्रिकेतले. ‘अॅस्क्लेपिअस सिरिआका’ सीरियाची नाही, उत्तर अमेरिकेची आहे; ‘सिला पेरुव्हिआना’ पेरूची नाही, भूमध्यसागराच्या पश्चिम भागातली आहे. नाव गैरलागू आहे एवढ्या कारणाने ते रद्द करता येत नाही, असा संहितेचा स्पष्ट नियम आहे. तो ऐकायला विचित्र वाटतो, पण प्रत्येक नव्या माहितीबरोबर नावे बदलू लागली तर जुन्या नोंदींचा माग लागणारच नाही.

लॅटिनचा आग्रह शास्त्रज्ञांनी स्वतःच पुष्कळ सैल केला आहे, हेही नोंदवायला हवे. 1 जानेवारी 1935 पासून नव्या वनस्पतीचे वर्णन किंवा तिची ओळख पटवणारी लक्षणे लॅटिनमध्येच देणे बंधनकारक होते. 1 जानेवारी 2012 पासून त्यासाठी लॅटिन किंवा इंग्रजी यांपैकी कोणतीही भाषा चालते. नावाचे रूप मात्र लॅटिनच राहिले. मला ही विभागणी योग्य वाटते: वर्णन वाचायचे असते, तेव्हा ते वाचणाऱ्याला कळावे, नाव हाक मारण्यासाठी असते, ते सर्वत्र एकच असावे.

मराठी परिभाषाकारांनी जेथे मूळ अर्थ ओळखून शब्द घडवला, तेथे तो सहज रुळला. ‘हृदयाकृती’, ‘हस्ताकृती’, ‘भालाकृती’ ही पानांच्या आकारांची नावे ‘कॉर्डेट’, ‘पामेट’ आणि ‘लान्सिओलेट’ यांच्या अर्थांतूनच आली आहेत आणि ती कोणालाही शिकवावी लागत नाहीत. ‘व्हिटॅमिन’मधला ‘व्हिटा’ म्हणजे जीवन. ‘जीवनसत्त्व’ने तो नेमका उचलला. 1912 मध्ये कॅसिमिर फंक याने या शब्दाच्या शेवटी जोडलेले ‘अमाइन’ (नायट्रोजनयुक्त संयुगांचा एक वर्ग) पुढे चुकीचे ठरले, कारण ही सगळी द्रव्ये अमाइन नाहीत. मराठी शब्दात ती चूक आलीच नाही. म्हणून पुस्तकांच्या शेवटी जी पारिभाषिक शब्दांची सूची असते, तिच्यात मराठी आणि इंग्रजी यांच्या शेजारी मूळ शब्दाचा अर्थ सांगणारा तिसरा रकाना असावा, अशी माझी सूचना आहे.

एक विनंती आपल्या दैनिकालाही आहे. रोमन लिपीत शास्त्रीय नाव छापताना प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, पहिले अक्षर मोठे आणि जातीचे लहान असते, त्यामुळे नावाचे दोन भाग डोळ्यांना वेगळे दिसतात. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. परिणामी ‘फायकस रिलिजिओसा’ हे वाचकाला एखाद्या व्यक्तीचे नाव-आडनाव वाटते. अशी नावे तिरप्या ठशात छापावीत आणि दुसऱ्या शब्दाचा अर्थ लगेच कंसात मराठीत द्यावा. दोन-तीन शब्दांची जागा लागेल, आणि ती आपल्या रविवारच्या पानावर निघू शकेल असे वाटते.

आपला नम्र,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक